जुनं जीपीडब्ल्यूएस की ईजीपीडब्ल्यूएस?

जीपीडब्ल्यूएस म्हणजे विमान जमिनीवर धडकायच्या बेतात असलं की पायलटला सावध करणारी यंत्रणा. जुनं जीपीडब्ल्यूएस रेडिओ अल्टिमीटरवर (रेडिओ लहरींनी खालच्या जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र) चालतं, म्हणजे विमानाच्या पोटाखालची जमीनच बघतं, समोर उभा कडा असला की ते ओरडेपर्यंत उशीर होतो. 1995 ला कोलंबियात कालीजवळ बोईंग 757 ला वॉर्निंग मिळाली ती धडकेच्या जेमतेम 12-13 सेकंद आधी, पायलटनी नाक वर खेचलं पण पंखांवरचे स्पीडब्रेक (वेग कमी करणाऱ्या पट्ट्या) उघडेच राहिले, 159 माणसं गेली हो. ईजीपीडब्ल्यूएस ही त्याचीच सुधारित आवृत्ती, ती जीपीएस आणि टेरेन डेटाबेसवरून (साठवलेला डोंगर-जमिनीचा नकाशा) पुढचं बघते, साधारण 60 सेकंद आधी सावध करते, 30 सेकंद उरले की 'पुल अप' (नाक वर खेचा). माझ्या मते तुलनाच नाही. फक्त रनवे दिसतोय म्हणून रात्रीच्या व्हिज्युअल अप्रोचला (डोळ्यांनी बघत उतरताना) वॉर्निंग सोडून देऊ नये, काळ्या आभाळात काळा डोंगर दिसतच नाही.