टिपांसाठी उघडावा असा ऑस्करचा अधिकृत डेटाबेस

ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकॅडमीने आजवरचे सगळे विजेते आणि सगळी नामांकनं शोधता येतील असा एक डेटाबेस सर्वांसाठी खुला ठेवला आहे. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. मी मुद्रितं तपासण्याचं काम करते. सिनेमावरचा लेख हातात आला की नावं आणि सालं ताडून पाहायला मी सगळ्यात आधी तिथेच जाते.

विजेत्यांच्या याद्या काय, कुठेही मिळतात. हा डेटाबेस वापरायचा तो नोंदींना जोडलेल्या टिपांसाठी. आणि या टिपा सर्वांत बोलक्या आहेत त्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या. स्टुडिओंची पकड सैल होत होती, टीव्ही घराघरांत शिरला होता आणि कम्युनिस्ट कोण हे शोधणारी अमेरिकी संसदेची (काँग्रेसची) समिती हॉलिवूडच्या मागे लागली होती, तो हा काळ.

उदाहरणच हवं असेल तर 1956 (29वा सोहळा) काढा आणि लेखनाचे विभाग पाहा. मूळ कथेचा पुरस्कार ‘द ब्रेव्ह वन’साठी रॉबर्ट रिच यांना. सोहळ्यात डेबोरा कर यांनी नाव पुकारलं, पण रिच काही मंचावर आले नाहीत. त्यांची बायको बाळंत होते आहे असं सांगून लेखक संघटनेच्या जेसी लास्की ज्युनियर यांनी ऑस्करची बाहुली स्वीकारली. रॉबर्ट रिच नावाचा लेखक मुळात नव्हताच. कथा लिहिली होती डाल्टन ट्रंबो यांनी. समितीपुढे उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून ते तुरुंगात जाऊन आले होते, स्टुडिओंच्या काळ्या यादीत होते, आणि टोपणनावाने लिहून पोट भरत होते. डेटाबेसमध्ये रिच हे नाव टोपणनाव असल्याचा खुलासा नोंदीसोबतच मिळतो. ट्रंबोंच्या हाती ती बाहुली पडली 1975 साली, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी.

त्याच वर्षी त्याच विभागात आणखी एक नोंद आहे, ‘हाय सोसायटी’ची. बिंग क्रॉसबी, ग्रेस केली आणि फ्रँक सिनाट्रा यांचा गाजलेला संगीतपट आपल्याला आठवतो, पण तो आधीच्या नाटकावरून केलेला, म्हणजे मूळ कथेच्या विभागात बसणारच नाही. नामांकन गेलं ते त्याच नावाच्या एका छोट्या विनोदीपटाच्या लेखकांना, एडवर्ड बर्नड्स आणि एलवुड उलमन यांना. दोघांनी मोठ्या मनाने आपलं नाव मागे घेतलं. डेटाबेसने ही नोंद पुसलेली नाही. हे अधिकृत नामांकन नाही असं तिथे ठसठशीत अक्षरांत लिहिलं आहे. अकॅडमीच्या स्वतःच्याच मतदारांकडून झालेली चूक अकॅडमीच्याच दप्तरात उघड दिसते, याचं मला फार कौतुक आहे. आमच्या धंद्यात शुद्धिपत्र छापायला किती जीव जड होतो हे मला ठाऊक आहे.

जरा खाली या, रूपांतरित पटकथेकडे. ‘फ्रेंडली पर्सुएशन’ची पटकथा मायकेल विल्सन यांची. तेही काळ्या यादीत, आणि चित्रपट तर पटकथाकाराच्या नावाशिवायच प्रदर्शित झालेला. मतदारांनी तरीही त्या पटकथेला मतं दिली. नेमक्या त्याच वेळी, फेब्रुवारी 1957 मध्ये, समितीशी सहकार्य न करणारा माणूस पुरस्काराला अपात्र असा नियम अकॅडमीने केला. मग पटकथा नामांकनात आली, लेखक अपात्र ठरला. हा नियम जानेवारी 1959 मध्ये मागे घेतला गेला. दोन वर्षंही टिकला नाही, पण दोन वर्षांत काय होऊ शकतं ते पुढच्याच पानावर दिसतं. 1957च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेचा पुरस्कार मिळाला पिएर बूल यांना. मूळ कादंबरी त्यांची, फ्रेंचमधली. इंग्रजी पटकथा लिहिली होती कार्ल फोरमन आणि पुन्हा एकदा मायकेल विल्सन यांनी. त्यांना श्रेय देण्याचा निर्णय अकॅडमीने 1984 साली घेतला, तोवर दोघंही गेले होते. विल्सन तर सहा वर्षांपूर्वीच.

टिपांइतकंच लक्ष मानद पुरस्कारांच्या नोंदींकडे द्यावं, कारण तिथे पुरस्कार कशासाठी दिला ते मानपत्रातल्या शब्दांत दिलेलं आहे. 1946चे हॅरल्ड रसेल पाहा. लष्करात स्फोटकांच्या अपघातात दोन्ही हात गमावलेला हा माणूस, नट नव्हेच. ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये त्यांनी युद्धावरून परतलेल्या खलाशाचं काम केलं. त्यांचं नाव शोधलं की एकाच भूमिकेसाठी दोन पुरस्कार दिसतात: एक सहायक अभिनेत्याचा, आणि दुसरा मानद, आपल्यासारख्याच माजी सैनिकांना आशा आणि धीर दिल्याबद्दल. त्याच्या पुढच्या वर्षी इटलीच्या ‘शूशाइन’ला मानद पुरस्कार आहे. परदेशी चित्रपटांसाठी तेव्हा स्वतंत्र स्पर्धाच नव्हती, ती 1956 पासूनची. युद्धाने होरपळलेल्या देशात हा चित्रपट तयार झाला याचा उल्लेख मानपत्रात आवर्जून केलेला आहे. चार वर्षांआधी तो शत्रुदेश होता. ही दोन मानपत्रं लागोपाठ वाचली की तो काळ जसा समजतो तसा विजेत्यांच्या नुसत्या यादीतून समजत नाही.

वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. इथलं साल चित्रपटाचं असतं, सोहळ्याचं नव्हे. ‘1956’ म्हणजे मार्च 1957 मध्ये झालेला सोहळा. मराठी लेखांत हा घोळ इतका होतो की मी समासात दोन्ही सालं लिहूनच लेखकाकडे परत पाठवते. शिवाय विभागांची नावं आणि संख्या त्या वर्षांत सारखी बदलत होती. छायाचित्रण, कला दिग्दर्शन आणि वेशभूषेला कृष्णधवल आणि रंगीत असे वेगवेगळे पुरस्कार होते, लेखनाचे तीन विभाग होते. आजचं विभागाचं नाव घालून शोधण्यापेक्षा अख्खं वर्ष उघडून वरून खाली वाचावं, हे बरं.

मतांचे आकडे मात्र इथे शोधू नयेत. अकॅडमी ते जाहीरच करत नाही. ‘मदर इंडिया’चं ऑस्कर एका मताने हुकलं हे वाक्य दर काही दिवसांनी माझ्यासमोर येतं आणि मी ते दर वेळी कापते. 1957च्या परदेशी चित्रपटांच्या पाच नामांकनांत मेहबूब खान यांचा चित्रपट आहे, पुरस्कार ‘नाइट्स ऑफ काबिरिया’ला आहे, एवढंच खात्रीने छापता येतं. आणि तेवढं अभिमानासाठी पुरेसं आहे.

सोहळ्यामागची हकिगतही नोंदींतून कळत नाही. 1948च्या वर्षी ‘हॅम्लेट’ सर्वोत्कृष्ट ठरल्याचं दिसतं, पण त्या वर्षी मोठ्या स्टुडिओंनी खर्चाचा हात आखडता घेतल्याने तो सोहळा अकॅडमीच्या स्वतःच्या छोट्या थिएटरात करावा लागला, हे वेगळं वाचावं लागतं. भाषणांचा निराळा संग्रह अकॅडमीच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयाने केला आहे, तो जोडीला ठेवावा. जुन्या वर्षांची सगळी भाषणं तिथे नाहीत.

माझी खरी तक्रार श्रेयाबद्दल आहे. स्टुडिओंच्या त्या व्यवस्थेत सन्मान वरच्या माणसाच्या किंवा कंपनीच्या नावावर जमा व्हायचा. 1950 पर्यंत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार निर्मिती संस्थेला मिळे. ‘ऑल अबाउट ईव्ह’पुढे ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स असं नाव आहे. पुढच्या वर्षीच्या ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’पुढे मात्र आर्थर फ्रीड हे निर्मात्याचं नाव आलं. एमजीएम स्टुडिओच्या कला विभागाचे प्रमुख सेड्रिक गिबन्स यांच्या नावावर 11 ऑस्कर आहेत. बाहुलीचं डिझाइनही त्यांचंच. पण स्टुडिओच्या जवळपास प्रत्येक चित्रपटावर त्यांचं नाव लावायचं असा त्यांचा करारच होता, हे माहीत नसलेला वाचक त्या 11 कडे पाहून चुकीचा निष्कर्ष काढेल.

आणि ‘सॅब्रिना’. 1954, कृष्णधवल वेशभूषा, विजेत्या एडिथ हेड. ऑड्री हेपबर्न पॅरिसहून परतते तेव्हाचा पोशाख आणि नृत्यातला तो पांढरा गाऊन ज्यांनी पाहिला आहे ते विसरणार नाहीत. ते दोन्ही फ्रेंच फॅशन डिझायनर युबेर दी जिव्हान्शी यांचे, हेपबर्न यांनी स्वतः पॅरिसला जाऊन निवडलेले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही, पुरस्कारातही नाही. हेड मोठ्याच होत्या, त्यांच्याकडून काही काढून घ्यावं असं मी म्हणत नाही. रॉबर्ट रिचसाठी जी एक ओळ लिहिली गेली, तशी एक ओळ या नोंदीलाही हवी. मी पाचपैकी चार तारे देते आहे ते एवढ्यासाठीच.