दगडी भिंतीची दुरुस्ती: मिस्त्री पक्के, पण तुम्हालाही राबवतात

आमचा कसबा पेठेतला वाडा अजून बिल्डरकडे गेलेला नाही. मागची दगडी भिंत पोटाशी फुगली तेव्हा जो बघायला येई तो ‘पाडा’ म्हणे, नाहीतर सिमेंटचा गिलावा ओढून द्यायला निघे. शेवटी भवानी पेठेतल्या एका लोखंडवाल्याकडून औसा तालुक्यातल्या मिस्त्रींचा नंबर मिळाला.

आल्या आल्या त्यांनी आधी इंजिनिअरचा कागद मागितला. मग म्हणाले, चारही बिऱ्हाडांतलं एकेक माणूस कामावर हवं. मला वाटलं, चहापाण्यासाठी म्हणत असतील. पण आम्हाला गज मोजायचे होते, वाळू चाळलेली आहे का ते बघायचं होतं, रोज वहीत लिहायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी ‘मग पैसे कशाचे घेता?’ असं विचारलंच. मिस्त्री हसले फक्त.

भिंत उघडल्यावर दुखणं कळलं. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधे माती आणि कपच्या. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड जवळजवळ नाहीच. पन्हाळीचं पाणी वर्षानुवर्षं मधल्या मातीत मुरत होतं. मिस्त्रींनी घण लावू दिला नाही. पहारीने हलक्या हाताने एकेक दगड सैल करून मीटर-मीटरवर आरपार भोकं काढली, दोन्ही टोकांना वाकवलेला गज आत घातला आणि काँक्रीट भरलं. सांधे चुन्याने भरले. पाणी मारायची जबाबदारी अर्थातच आमची.

ही पद्धत त्यांच्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतरच्या कामातून आली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जवळपास 8 हजार माणसं गेली. तिकडच्या भिंती अशाच दोन पदरी, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. गळलं की त्यावर आणखी माती. 52 गावं नव्या जागी बसवली, पण त्याखेरीज सुमारे 2 लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुती घरमालकांच्याच हाती दिली होती. सरकारचा पैसा हप्त्याने येई. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ उभ्या केल्या, त्या घरोघर जाऊन माहिती देत आणि कामावर नजर ठेवत. मिस्त्री तेव्हा पोरसवदा, हाताखाली काम करणारे. ‘ताई, इंजिनिअर आठवड्यानं यायचा. ह्या बाया रोज यायच्या. गज कमी दिसला की काम बंद.’ आजही हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडी भीती असते.

मला त्यांची ही सक्ती पटली. भिंतीच्या आत काय घातलंय ते गिलावा झाल्यावर कोणाला दिसणार आहे? आमच्या चारही घरांना आता कुठल्या भोकात काय आहे ते ठाऊक आहे. भाडेकरू-मालक वादात वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं वाळूवरून का होईना, बोलली.

आता तक्रारी. काम फार हळू. धूळ स्वयंपाकघरापर्यंत येते. मजुरी रोजावर असल्याने एकूण आकडा आधी सांगत नाहीत, त्यामुळे वर्गणी काढताना आमची पंचाईत झाली. साहित्य आपण आणायचं, आणि चुकीचं आणलं तर परत पाठवतात; आमची खडी एकदा गेली. फोन दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतच उचलतात. लाकडी तुळया आणि छताला ते हात लावत नाहीत, त्यासाठी आम्हाला वेगळा सुतार शोधावा लागला. तो अजून यायचाय.

ज्यांना किल्ली देऊन गावाला जायचंय आणि परत येऊन रंगवलेली भिंत बघायचीय, त्यांनी यांना बोलावू नये. बोलावणार असाल तर दिवाळीनंतर लगेच ठरवा. मे महिन्यात ते औशाला शेतावर असतात.