चाकरमान्यांची वर्गणी की कंपनीचा सीएसआर निधी?

राजापूर तालुक्यातील एका वाचनालयाच्या विश्वस्तांपुढे हा पेच आहे. गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांकडून वर्गणी जमवण्यास पैसा फारसा लागत नाही. मात्र पावतीपुस्तक घेऊन घरोघर हिंडावे लागते (चहाला नाही म्हणता येत नाही, हे वेगळेच), आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर दात्यास प्राप्तिकरात सवलत मिळत नसल्याने मोठी रक्कम धनादेशाने किंवा यूपीआयनेच घ्यावी. सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामांसाठी देतात तो पैसा) एकरकमी मोठा असू शकतो, परंतु त्यासाठी संस्थेची केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, कामनिहाय हिशेब द्यावा लागतो आणि ग्रंथपालाच्या मानधनासाठी किंवा वीजबिलासाठी तो सहसा मिळत नाही. कंपनीचे धोरण बदलले की तो थांबतो. टिकाऊपणात वर्गणीच सरस. दरमहाच्या खर्चास वर्गणी धरावी, छपराची दुरुस्ती किंवा संगणक अशा एकदाच्या कामासाठी सीएसआरकडे अर्ज करावा.