बुद्धिबळातली पिन शिकायची: एकाच थीमची कोडी की मिसळलेली?

"पिन कळते हो त्याला, पण डावात दिसत नाही." राजारामपुरीतल्या एका स्पर्धेच्या हॉलबाहेर बसून हे वाक्य मी किती पालकांकडून ऐकलंय! त्यात मीही आलोच. पिन म्हणजे पुढचं मोहरं हललं तर मागचं मोठं मारलं जाईल अशी कोंडी.

लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर दोन्ही सोयी फुकट, तेव्हा प्रश्न पैशाचा नाही. 'पिन' ही थीम, म्हणजे डावपेचाचा प्रकार, निवडली की तेवढीच कोडी येतात. मिसळलेली घेतली तर थीमचं नाव कोडं संपल्यावर दिसतं.

एकाच थीमच्या कोड्यांनी नजर लवकर बसते. तालमीत जोडीदारावर एकच डाव घोटवून घेतात, तसंच हे. चार दिवसांत पोरगं राजा-वजीर एका रेषेत दिसले की आपला उंट शोधायला लागतं. खोट एवढीच, की 'इथं काहीतरी आहे' हे आधीच फुटलेलं असतं.

आमचा चिरंजीव असाच 'लीगलची मात' हा वजीर देऊन मात करायचा सापळा शिकला. पांढऱ्याची प्यादी ई४ वर, घोडे एफ३ आणि सी३ वर, उंट सी४ वर. काळ्याची प्यादी ई५, डी६, जी६ वर आणि उंट जी४ वर, एफ३ च्या घोड्याला वजिरापुढं पिन करून. तरी घोडा ई५ चं प्यादं मारतो. काळ्यानं हावरेपणानं वजीर खाल्ला, की उंट एफ७ वर शह, राजा ई७, घोडा डी५, मात. पोरगं खूश.

पुढच्याच स्पर्धेत तशीच मांडणी आली, फक्त जी६ ऐवजी काळ्याचा घोडा सी६ वर होता. यानं ऐटीत ई५ मारलं. समोरच्यानं वजिराकडं बघितलंही नाही, सी६ च्या घोड्यानं ई५ वरचा घोडा उचलला. आता तोच घोडा जी४ च्या उंटाला जोर देतोय, म्हणजे वजिरानं उंट मारायचीही सोय नाही. एका प्याद्यात घोडा गेला.

मिसळलेल्या कोड्यांत 'हा डाव इथं चालतो का?' ही शंका घ्यायची सवय लागते. चुका जास्त होतात, रेटिंग पडतं, पोरं वैतागतात. पण खासबागेत समोरचा पैलवान डावाचं नाव सांगून थोडाच उतरतो?

फुकट मोहरी घालवणाऱ्या नवशिक्याला आधी दोन आठवडे नुसती पिन द्या, जमलं तर खऱ्या पटावर. स्पर्धा खेळणाऱ्याला सरळ मिसळलेली द्या. थीमकडं परत फक्त चुकलेल्या कोड्यांसाठी.

घरी मी अजून तीच मांडणी लावतो, कधी सी६ वर घोडा ठेवून, कधी न ठेवता, आणि विचारतो, "मारायचं का?" परवा पुन्हा मारलंन.