‘भागात सांगितलेल्या पुस्तकांचा संच’ : पैसे भरण्याआधी हे वाचा

मराठी विनोदी पॉडकास्टच्या चाहत्यांचे टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवर गट असतात. आमच्या अशाच एका गटात ‘भागात सांगितलेल्या पुस्तकांचा संच’ स्वस्तात विकायला आला. अनेकांनी पैसे भरले, मीही भरले. आली ती नकली पुस्तकं. त्यानंतर पैसे परत देतो म्हणून जो फोन आला, त्याने गटातल्या एका काकूंचं खातं धुऊन नेलं. तुमच्याही गटात असा संच फिरत असेल, तर आमच्याकडे काय झालं ते आधी समजून घ्या.

कार्यक्रमाचं नाव मी देत नाही. त्या दोन सूत्रधारांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही आणि नाव आलं की उगाच त्यांच्याकडे बोट जाईल. दोघंही भरपूर वाचणारे आहेत. गप्पांच्या ओघात कधी एखादं पुस्तक निघतं, कधी हेडफोन, कधी कोल्हापूरकडचा एखादा मसाला. नवा भाग आला की गटात पहिली विचारणा ठरलेली : ‘ते पुस्तक कुठलं म्हणाले रे?’

याचं उत्तर देणारा एकजण होता. सगळे त्याला दादा म्हणायचे. भाग संपायच्या आत त्याची यादी तयार असायची. पुस्तकाचं नाव, प्रकाशन, किंमत, कितव्या मिनिटाला उल्लेख आला, सगळं बिनचूक. पहिल्या पर्वातले विनोद त्याला तोंडपाठ होते. पावसाळा सुरू झाल्यापासून हे चाललं होतं आणि तेवढ्या काळात त्याने कुणाला एक रुपयाचीही वस्तू विकली नव्हती. दिवाळीच्या तोंडावर मात्र त्याने संच आणला : पहिल्या पर्वातली दहा पुस्तकं १,४९९ रुपयांत, आणि वर सूत्रधार वापरतो तसला हेडफोन ८९९ ला. सवलतीचा कोड म्हणून कार्यक्रमातलंच एक गाजलेलं वाक्य वापरलं होतं. ते वाचून सगळ्यांना वाटलं, ही ऑफर सूत्रधारांचीच.

या कोडबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. पॉडकास्ट आपण गाडी चालवताना, भांडी घासताना ऐकतो. तिथे लिंक दाबायची सोय नसते. म्हणून जाहिरातदार प्रत्येक कार्यक्रमाला वेगळा कोड देतात. खरेदीच्या वेळी श्रोत्याने तो टाकला की गिऱ्हाईक कुठल्या कार्यक्रमातून आलं ते दुकानाला कळतं आणि त्यावर कार्यक्रमाचा हिशेब होतो. म्हणजे खरा कोड दुकानाच्या यादीत नोंदलेला असतो, आणि भलतंच काही टाकलं तर ‘कोड चुकीचा आहे’ असं येतं. दादाच्या साइटवर गटातल्या एका कॉलेजच्या पोराने पुढे त्या रकान्यात नुसतं ‘एबीसीडी’ टाकून पाहिलं. चाळीस टक्के सूट लागली. मग नुसती स्पेस दाबली. तरीही लागली. कोड तपासला जातच नव्हता, कारण मागे दुकानच नव्हतं. तुम्हाला कुठलीही नवी साइट दिसली तर ही तपासणी पैसे भरण्याआधी करता येते, आणि तिला अर्धं मिनिटही लागत नाही.

त्या साइटवर कंपनीचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, फक्त एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याला स्वतःचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क साइटवर द्यावाच लागतो. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल, हेही त्यातच आहे. इथे यातलं काहीच नव्हतं. कॅश ऑन डिलिव्हरी नव्हती. क्यूआर स्कॅन केला की दुकानाऐवजी एका माणसाचं नाव यायचं, आणि ‘हे आमचे अकाउंटंट आहेत, काळजी नसावी’ असं उत्तर पानावर आधीच लिहून ठेवलेलं होतं.

पैसे भरणाऱ्यांना धीर यावा म्हणून गटात फोटोही येत होते. ‘आजच मिळाला संच, धन्यवाद दादा!’ असं दोन वेगवेगळ्या नावांनी लिहिलेलं होतं, एक म्हणे साताऱ्याचा आणि एक ठाण्याची. नंतर आम्ही ते फोटो शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत पुस्तकांखाली तीच राखाडी फरशी होती, आणि तिच्या कोपऱ्यातून गेलेला तडाही तोच.

पार्सल आलं, हे मुद्दाम सांगतो. काहीच पाठवलं नसतं तर चार दिवसांत बोंब झाली असती. काहीतरी पाठवलं की कुरिअरच्या नोंदीत ‘माल पोहोचला’ असं पडतं आणि पुढे बँक असो की पोलीस, पहिला प्रश्न तोच येतो : माल मिळाला ना? आमच्या पार्सलात दहाऐवजी आठ पुस्तकं होती आणि हेडफोनचा पत्ता नव्हता. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसत होती. मलपृष्ठावरचा बारकोड इतका धुरकट की फोनला वाचता येईना. एका पुस्तकात ९६ नंतर थेट ११३ वं पान.

ते पुस्तक घेऊन मी पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलो. तिथल्या एका जुन्या दुकानदारांनी मूळ प्रत काढून माझ्या प्रतीशेजारी ठेवली. मूळ प्रतीचा कागद जाड, छपाई काळीशार, कण्यापाशी पानं घट्ट. माझ्या प्रतीत ओळी डावीकडे किंचित कलत होत्या, कारण ती पानं स्कॅन करून छापलेली होती. ९६ आणि ११३ चं कोडं त्यांनी क्षणात सोडवलं. मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र छापून घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात. सहा फर्मे झाले की ९६ पानं होतात. सातवा फर्मा बांधणीत टाकलाच नव्हता. ‘खऱ्या प्रकाशकाकडे असं झालं तर तो प्रत बदलून देतो. यांच्याकडे कुणाला विचारणार?’ ते म्हणाले. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती ही नेहमीची गोष्ट. त्यात अशा शे-दोनशे नकली प्रती विकल्या गेल्या तर लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या पोटावर किती मोठा पाय येतो, हे त्या काउंटरवर उभं राहून मला नीट कळलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

खरा घाव पुढे बसला. गटात तक्रारी सुरू झाल्यावर ‘ग्राहक सेवा’ म्हणून एकेकाला फोन येऊ लागले. बोलणं अतिशय नम्र, मराठी स्वच्छ. ‘ताई, रिफंड मंजूर झालाय, फक्त फॉर्म भरा.’ व्हॉट्सअ‍ॅपवर जो फॉर्म यायचा तो फॉर्म नव्हताच, ती एपीके फाइल होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून फोनमध्ये घुसवायचं अ‍ॅप. ते उघडलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. एकदा दिली की बँकेचे सगळे ओटीपी समोरच्याकडे जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिका काकूंच्या खात्यातून असे ४२,००० रुपये गेले. त्या बाई रात्रीच्या वेळी एकटेपणा जावा म्हणून हा कार्यक्रम ऐकायच्या. त्यांचा गटातला शेवटचा निरोप होता : ‘मुलाला सांगू कसं?’ तो वाचून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

गटाच्या अ‍ॅडमिनांनी सुरुवातीला तक्रारीच काढून टाकल्या. ‘वातावरण बिघडवू नका, दादा आपला माणूस आहे.’ त्यांना मी लबाड म्हणणार नाही, पण त्या दोन दिवसांत आणखी लोकांनी पैसे भरले, आणि ही जबाबदारी त्यांना झटकता येणार नाही. तुम्ही कुठल्या गटाचे अ‍ॅडमिन असाल तर हात जोडून सांगतो, पैशाची तक्रार पुसू नका, वर पिन करून ठेवा. दादाचं खातं त्याच आठवड्यात ‘डिलीटेड अकाउंट’ झालं.

काकूंनी त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन केला म्हणून रकमेचा काही भाग पुढच्या खात्यात गोठवता आला. या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितकं बरं, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत राहतात आणि एटीएममधून निघाले की संपलं. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही नोंदवता येते. बँकेला लेखी कळवायला उद्या-परवा करू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना झालेल्या अनधिकृत व्यवहारासाठी तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे, तेवढ्यात कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. ज्यांनी स्वतः क्यूआर स्कॅन करून संचाचे पैसे दिले त्यांच्या बाबतीत बँक ‘व्यवहार तुम्हीच केलात’ म्हणते. तिथे पोलिसांतली तक्रार आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, हेच मार्ग उरतात.

सूत्रधारांना आम्ही कळवलं. पुढच्याच भागाच्या सुरुवातीला त्यांनी स्पष्ट सांगितलं की आम्ही काहीही विकत नाही, आणि जाहिरात असेल तेव्हा ती जाहिरात म्हणूनच सांगू. तसं सांगणं कायद्यानेही बंधनकारक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याचे विक्रेत्याशी काही आर्थिक संबंध असतील तर ते उघड करावे लागतात, आणि दिशाभूल केल्यास दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा कुणी ‘हे भागात सांगितलंय’ म्हणून लिंक दिली, तर कुठला भाग, कितवं मिनिट ते विचारा आणि स्वतः ऐका. पुस्तकाचा उल्लेख खरा निघेल. ते याच माणसाकडून घ्या असं सूत्रधार म्हणालेत का, तेवढं पाहा.

ज्यांना असं पार्सल आलंय त्यांनी वरचं वेष्टन फेकू नका. त्यावर कुरिअरचा क्रमांक आणि पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. आमच्या गटातल्या सगळ्या पार्सलांवर एकच पत्ता निघाला आणि तो तक्रारीला जोडला आहे. रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका, आपापली तक्रार वेगळी नोंदवा आणि त्यात तो पत्ता, क्यूआरवर आलेलं नाव आणि फोन नंबर लिहा. तेच तपशील वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आले तरच हे एकाच टोळीचं काम म्हणून पुढे सरकेल.