सिंथेटिक की साधं ऑईल? आधी गाडीची पुस्तिका, मग वर्षाचं रनिंग

बऱ्याच गाडीवाल्यांपुढे हा प्रश्न उरलेलाच नाही. गाडी एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांतली पेट्रोल असेल, तर पुस्तिकेत ऑईलचा ग्रेड, म्हणजे ते किती पातळ-घट्ट हवं ते, बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. ०डब्ल्यू-२० इतकं पातळ ऑईल साध्या खनिज तेलातून जमत नाही, ते बहुतेक सिंथेटिकच येतं. अशा गाडीत हजार-दीड हजार वाचवायला घट्ट २०डब्ल्यू-४० ओतलं, तर मायलेज घटतं आणि वॉरंटीच्या वेळी नाही म्हणायला समोरच्याला आयतं कारण मिळतं. निवड खरोखर करायची असते ती जुनी ओम्नी, जुनी इंडिका किंवा पंधरा वर्षांची वॅगनआर सांभाळणाऱ्यांना, तीही पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० चालतं असं म्हटलेलं असेल तर.

साधं, म्हणजे मिनरल ऑईल, कच्च्या तेलातून गाळून काढलेलं असतं. त्यात लहानमोठे, वेडेवाकडे रेणू असतात, थोडं मेण आणि गंधकही उरतं. सिंथेटिकमध्ये रेणू जवळपास एकसारखे असतात, म्हणून ते थंडीत गोठत नाही आणि उष्णतेत लवकर बिघडत नाही. ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेल्या डब्यांतलं बरंचसं ऑईलही मुळात कच्च्या तेलापासूनच येतं. हायड्रोजनच्या दाबाखाली त्याचे रेणू तोडून नव्यानं जुळवलेले असतात, एवढंच. १९९९ मध्ये अमेरिकेत याच मुद्द्यावर मोबिल आणि कॅस्ट्रॉल भांडले होते. तिथल्या जाहिरात-तक्रार विभागानं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला आणि तेव्हापासून अशा तेलालाही सिंथेटिक म्हणायची वाट मोकळी झाली. सेमी-सिंथेटिक म्हणजे दोन्हींचं मिश्रण. त्यात सिंथेटिक किती, हे डब्यावरून सहसा कळत नाही, म्हणून त्याला जास्तीचे पैसे मोजायला माझं मन होत नाही.

आपल्याकडचा लाडका युक्तिवाद उन्हाचा. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, मग ऑईल घट्टच पाहिजे, असं गॅरेजवर छातीठोक सांगतात. पण गाडी पूर्ण गरम झाली की इंजिनातलं ऑईल १०० अंशांच्या आसपास असतं, गाडी महाबळेश्वरला असो की परभणीला. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर त्याचसाठी आहेत. डब्यावरचा दुसरा आकडा ऑईल याच १०० अंशांना किती घट्ट आहे ते सांगतो. म्हणजे सिंथेटिक ५डब्ल्यू-४० आणि मिनरल १५डब्ल्यू-४० गरम इंजिनात साधारण सारखेच घट्ट असतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा: १५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. परभणीत जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की आपण शेकोटी पेटवतो, पण ऑईलच्या हिशेबानं ती थंडीच नव्हे. पहाटेच्या पहिल्या स्टार्टला पातळ ऑईल इंजिनात वरपर्यंत लवकर चढतं हे खरं. फक्त त्या एका फायद्यासाठी दुप्पट भाव देण्याइतका आपला हिवाळा कडक नाही.

सिंथेटिक भाव खातं ते टर्बो गाडीत, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा असलेल्या गाडीत. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याचं बेअरिंग इंजिन ऑईलवरच तरंगत असतं. समृद्धी महामार्गावर भर दुपारी एसी लावून १२० च्या वेगानं जालन्याहून नागपूरकडे सुटलात, की ते ऑईल तास न् तास तापत राहतं. मिनरल ऑईल अशा तापानं लवकर जळकट, चिकट होतं आणि टर्बोच्या बारीक नळ्यांत त्याची खरपुडी धरते. सिंथेटिक यात बरंच जास्त तग धरतं. तरी मांजरसुंब्याचा घाट चढून ढाब्यावर थांबताना लगेच चावी बंद करू नका. अर्धा-एक मिनिट गाडी चालू राहू द्या, कुठलंही ऑईल असलं तरी. टर्बो पेट्रोल गाडीसाठी डब्यावर एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची एसपी श्रेणी बघा, ती २०२० पासून आली आहे. स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांनी तर कंपनीचा ५०२, ५०४, ५०८ यांपैकी कुठला मापदंड लागतो ते पुस्तिकेतून उतरवूनच दुकानात जावं.

आता पैशाचं. भाव दुकानागणिक बदलतात, पण हिशेबापुरतं मिनरल ४०० रुपये लिटर, सिंथेटिक ८०० रुपये लिटर आणि फिल्टर २०० रुपयांचा धरू. छोट्या पेट्रोल गाडीत साडेतीन लिटर ऑईल बसतं असं समजा. मिनरलची एक बदली १६०० रुपयांना पडते, सिंथेटिकची ३००० ला. मिनरल दर ५००० किलोमीटरला बदललं आणि सिंथेटिक दर १०,००० ला, तर दहा हजार किलोमीटरला ३२०० विरुद्ध ३०००. म्हणजे महाग म्हणून ज्याला नाकं मुरडतो, ते ऑईल भरपूर फिरणाऱ्याला उलट दोनशेनं स्वस्त पडतं. जालन्याचा बियाण्यांचा व्यापारी वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर फिरत असेल, तर त्यानं जुन्या गाडीतही बिनधास्त सिंथेटिक टाकावं. गॅरेजच्या खेपा निम्म्या होतात, हा फायदा वेगळाच.

अंबाजोगाईत घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढंच फिरणाऱ्या सरांचा हिशेब निराळा. वर्षाचं रनिंग चार-पाच हजार. ऑईल कुठलंही असो, वर्ष झालं की बदलायचंच, त्यामुळे सिंथेटिकचं जास्तीचं आयुष्य वापरलंच जात नाही. शिवाय दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोलचा अंश आणि पाण्याची वाफ ऑईलमध्ये साचत जाते, आणि हे सिंथेटिकलाही चुकत नाही. गाडी साधी, बिनटर्बोची असेल आणि पुस्तिकेला चालत असेल, तर सरांनी चांगल्या कंपनीचं मिनरल टाकावं, ते दरवर्षी न चुकता बदलावं आणि वाचलेले १४०० रुपये खिशात ठेवावेत.

धुळीपुढे मात्र दोन्ही ऑईलं सारखीच. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून कच्च्या रस्त्यानं जाणारी गाडी रोज पोटभर धूळ खाते. एअर फिल्टर फाटका किंवा नीट न बसलेला असला, की बारीक वाळू रिंग-पिस्टनपर्यंत जाते. ती महागाच्या ऑईलनं विरघळत नाही. धुळीत चालणाऱ्या गाडीसाठी बहुतेक पुस्तिकांत वेगळा, कमी किलोमीटरचा तक्ता असतो आणि तो कुणी वाचत नाही. आडगावात राहत असाल तर तोच तुमचा तक्ता. डब्यावर १५,००० किलोमीटरचं आश्वासन असलं तरी आपल्या रस्त्यांवर मी ते मनावर घेणार नाही.

गाडी आधीच ऑईल खात असेल, निळा धूर मारत असेल, तर सिंथेटिकनं ती सुधारणार नाही. हजार किलोमीटरला अर्धा लिटर वरून टाकायचंच असेल तर ते स्वस्तातलं टाकलेलं बरं, इंजिनचं काम निघेपर्यंत. ‘एकदा सिंथेटिक टाकलं की परत साध्यावर येता येत नाही’ ही मात्र निव्वळ अफवा. आजची दोन्ही तेलं एकमेकांत मिसळतात. वाटेत ऑईल कमी पडलं तर त्याच ग्रेडचं दुसरं टाकून गावी पोचता येतं.

बीएस-६ डिझेलवाल्यांना एक जास्तीचं पथ्य आहे. सायलेन्सरकडच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, ऑईलमधल्या रसायनांची राख अडकते आणि ती जाळूनही जात नाही. म्हणून कमी राखेचं, पुस्तिकेत लिहिलेलंच ऑईल हवं. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बादलीतलं उरलंसुरलं त्यात चालत नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्या अशा गाडीच्या डिपस्टिकवर, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवर, पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑईलमध्ये डिझेल उतरलेलं असण्याची शक्यता असते, लगेच दाखवून घ्या.

यापैकी काहीही घ्या, डबा सीलबंद घ्या, तुमच्यासमोर उघडायला लावा आणि बिलावर ग्रेड, तारीख, किलोमीटर लिहून घ्या. रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरनं भोक पाडल्याशिवाय तो गॅरेजवर सोडू नका, कारण नकली ऑईल भरायला असेच अस्सल डबे लागतात.