शालेय पोषण आहार: ताट पास, वेळापत्रक नापास

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी मिळणाऱ्या जेवणाचा विषय निघाला की गाडी खिचडीच्या चवीवरच अडते. खरं तर जेवणानंतरच्या तासाला पोरं कशी असतात, चिडचिडी, पेंगुळलेली की ताजीतवानी, हेही बघायला हवं.

आधी मापं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं धरलं आहे. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. म्हणजे शंभर लहान मुलांच्या पातेल्यात १० किलो तांदळाला २ किलो डाळ आणि ५ किलो भाजी. हिशेब चोख आहे, या बाबतीत योजनेला पूर्ण गुण. पैसे वेळेवर आले नाहीत की मार खाते ती भाजी; पालक, गाजर, भोपळा जाऊन नुसता बटाटा उरतो.

दुसरी चूक वाढताना होते. डाळ तळाशी बसते. वरवरचं वाढलं तर रांगेतल्या पहिल्यांना निव्वळ भात मिळतो आणि पहिलीची चिमुरडी सहसा पुढेच असतात. डाव दर चार-पाच ताटांनंतर तळापर्यंत फिरवावा. मोडाची उसळ सोमवारी ठेवू नये. रविवारी मटकी भिजवणार कोण? मग कच्चट दाणे ताटात तसेच राहतात. अंडं २०२३ च्या अखेरीस ताटात आलं होतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे लहान मुलाच्या मापाच्या निम्मी. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी थांबवला, हा निर्णय आम्हाला मुळीच पटलेला नाही.

रक्त कमी असलेलं मूल दमतं, किरकिरतं, त्याचं लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला आळशी ठरवतो. डाळ-भाजीतलं लोह अंगी लागायला ताटात लिंबाची फोड हवी आणि जेवणाला लागून चहा नको. आठवड्याची लोहाची गोळी (लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी) जेवणानंतरच द्यावी. उपाशीपोटी दिली की मळमळतं, आणि पुढच्या वेळी ती दप्तरात लपते.

आता वेळापत्रक. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. इथे पीटीचा तास गणिताला जातो. मधल्या सुट्टीत जेवण आधी आणि खेळ नंतर, म्हणून पोरं चार घासांत ताट उरकून मैदानात पळतात. मग पोटात कळ येते आणि अन्नही वाया जातं. क्रम उलटा करा: २० मिनिटं लंगडी किंवा खो-खो, मग साबणाने हात धुऊन पंगत. खेळून आलेलं मूल भुकेने जेवतं आणि खेळातली भांडणं पंगतीत बसेपर्यंत निवळलेली असतात. याला एक पैसाही लागत नाही.

सगळी उदासी खिचडीने जात नाही. सलग तीन-चार दिवस कुणी ताट तसंच परत करत असेल, तर आधी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारावं. कोण कुणाशेजारी बसायचं टाळतं, कोण रडवेलं असतं, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. शाळेत जेवण चाखून त्याची चव ज्या वहीत लिहितात, त्या चवीच्या नोंदवहीत त्यासाठी एक रकाना आखून घ्यावा.